कापसाच्या खोलीत वाजलेलं गाणं

दिवाळीला भाची आली होती. नागपूरला शिकते. भाऊबीजेच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी ओसरीवर लसूण सोलत बसलो होतो आणि तिच्या एका कानात नेहमीप्रमाणे इअरफोन होता. मधेच तिनं दुसरं टोक माझ्यापुढे धरलं, "मावशी, हे ऐक ना. दोनच मिनिटं." माझी बोटं लसणानं चिकट झालेली, म्हणून तिनंच ते माझ्या कानात बसवलं. आधी एका मुलीचा आवाज आला. इंग्रजीत एक वाक्य, हळू, जवळजवळ लाडात बोललेलं. नीट ऐकू यावं म्हणून मी मान जराशी झुकवली. पुढचे शब्द त्याच आवाजानं असे फेकले की झुकवलेली मान मागे गेली. पाठोपाठ गिटार, ड्रम, कसलंसं पितळी किंचाळणं, सगळं एकाच क्षणी आत शिरलं. डावीकडची दाढ ठणकली. गळ्याखालचं हाड आतून थरथरायला लागलं. मी इअरफोन ओढून काढला. भाचीनं लगेच गाणं बंद केलं. "सॉरी मावशी. मला वाटलंच होतं, तुला नाही आवडणार." मग तिनं एक जुनं भावगीत लावलं, अगदी बारीक आवाजात, आणि फोन आमच्या दोघींच्या मधे लसणाच्या टोपलीला टेकवून ठेवला.

आवडलं नाही, असं मी म्हटलं नव्हतं.

तिनं जे केलं ते मायेनंच केलं. आमच्या घरात माझ्या कानांची काळजी सगळेच घेतात. वहिनी मिक्सर लावायचा असला की मागच्या पडवीत नेते. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की कुणीतरी "सरक वं थोडी" म्हणून मला आधी सांगतं. टिनाच्या पत्र्यावर माकडं उतरली तर भाऊ पहिल्यांदा माझ्याकडे बघतो आणि मग माकडांकडे. इतकं जपणारी माणसं सगळ्यांना मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण एवढ्या वर्षांत मला काय सोसत नाही याची जी यादी त्यांच्या मनात तयार झाली, ती हळूहळू मला काय आवडत नाही याची यादी होऊन बसली. तिले लग्नातली गर्दी आवडत नाही. तिले बँड आवडत नाही. लेकरं खेळायला लागली की तिच्या खोलीचं दार लोटून घ्या. ही यादी प्रत्येक कार्यात माझ्या आधी पोचते आणि मग माझी खुर्ची दूर, स्वयंपाकाच्या मंडपामागे लावलेली असते. मला लग्नं फार आवडतात. वरात आवडते. कान जळतात, हेही खरं आहे.

लहानपणी एका काकांच्या लग्नात धुमाल आलं होतं. आमच्याकडची वरात धुमालशिवाय पुढे सरकत नाही. गाडीवर चढवलेला कीबोर्ड, भोंगे, आणि भोवती चालणारे ढोल, ताशे, झांजा. मला तो आवाज आधी तळपायाला लागला, जमिनीतून. मग पोटात. ताशाचा आवाज तर कानात आलाच नाही, तो डोळ्यांच्या मागे वाजत होता. मंडपामागे जाऊन मी उलटी केली. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या तेव्हा "पाय, केवढी नजर लागली होती पोरीले" असं म्हणत माझं तोंड पदरानं पुसलं. ही गोष्ट घरात अजून सांगतात. मात्र ती सांगताना एक भाग गळून जातो. मला त्या गाडीजवळ कुणी नेलं नव्हतं. मी आईचा हात सोडून, माणसांच्या पायांमधून वाट काढत, ताशेवाल्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले होते. त्याच्या काड्या कातड्यावरून उसळताना दिसत होत्या आणि मला तिथून हलायचं नव्हतं. उलटी झाल्यावरही मी रडत होते ती परत जाऊ देत नाहीत म्हणून.

त्याच घरात बाबा होते. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला होते, हंगामापुरते, दिवाळीपासून होळीपर्यंत. मी डबा घेऊन जायची ती फाटकापर्यंतच. आत रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, रांग चाललेली असायची. दोन रूळ फिरतायत, पात्याला अडून सरकी खाली पडतेय, रुई पलीकडे निघतेय. त्या सगळ्याचा मिळून जो एक घरघराट व्हायचा तो फाटकाशीच अंगावर यायचा, आणि पुढे पाऊल टाकवत नसे. बाबा भुवयांवर रुई घेऊन बाहेर यायचे आणि माझ्याशी ओरडून बोलायचे, कारण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. घरी आल्यावरही जेवणं होईपर्यंत तसंच. पुढे पुढे ते ओरडणं हंगाम संपला तरी उतरेना. गोंगाटानं कान जातात ते आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात, म्हणजे उंच, धारदार आवाजांच्या पट्ट्यात. स, श, फ हे वर्ण तिथे राहतात. बाबांच्या कानातून आधी आमच्या नावांची टोकं गेली, मग चिमण्या गेल्या, मग दारावरच्या सायकलीची घंटी. एका माणसाला कमी ऐकू येत होतं आणि एका पोरीला जास्त. मधे आई होती. ती बाबांशी ओरडून बोलायची आणि तोच श्वास आवरून माझ्याशी कुजबुजायची.

मोठी झाल्यावर मी कान तपासून घेतले. शहरातलं मोठं रुग्णालय होतं. काचेच्या बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, बारीकसा सूर ऐकू आला की दाबायचं. ती खोली मला इतकी आवडली की तपासणी संपली तेव्हा उठावंसं वाटेना. आलेख बघून सांगितलं, कान उत्तम आहेत, काही झालेलं नाही. मी तो कागद घेऊन बसमध्ये बसले. हॉर्न वाजला की कागदासकट दचकत होते. ती तपासणी माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो एवढंच विचारते. किती मोठा आवाज सोसतो, हा प्रश्न वेगळा आहे, त्याची तपासणीही वेगळी असते, आणि ती मला कुणी सुचवली नाही. नंतर वाचताना नावं सापडली. आवाज सगळ्यांना वाटतो त्याहून मोठा आणि दुखरा वाटतो त्याला हायपरअक्युसिस म्हणतात. चावण्याचा, श्वासाचा, असा एखादाच ठरावीक आवाज असह्य होतो त्याला मिसोफोनिया. हे दुसरं नाव मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ साली पुढे आणलं. मी कोणत्या नावात बसते यावर मी फार वेळ घालवला नाही. आपल्यासारखे आणखी आहेत, हे कळल्यावर त्या रात्री मी बरी झोपले.

तर ते गाणं. भाची परत गेल्यावर मी तिला निरोप करून नाव विचारून घेतलं. एक्स-रे स्पेक्स नावाचा लंडनचा पंक बँड (पंक म्हणजे मुद्दाम खरखरीत, रागानं वाजवलेलं रॉक), १९७७ साल, गाण्याचं नाव 'ओ बॉन्डेज! अप युअर्स!'. गाणारी पॉली स्टायरीन. तिचं खरं नाव मॅरियन एलियट, जन्म १९५७चा, वडील सोमालियाचे आणि आई ब्रिटिश. गाणं आलं तेव्हा ती वीस वर्षांची होती, दातांना तारा लावलेली. ते पितळी किंचाळणं सॅक्सोफोनचं होतं आणि तो वाजवणारी लोरा लॉजिक तर शाळकरी वयाची पोर होती. सुरुवातीला पॉली जे लाडात म्हणते ते मुलींनी डोळ्यांना दिसावं पण कानांना ऐकू येऊ नये असं मानणाऱ्या लोकांविषयी आहे. हे कळलं आणि मी फोन उपडा ठेवून बराच वेळ अंगणात फेऱ्या मारल्या.

पंक ऐकणाऱ्यांना हे सगळं जुनं आहे, त्यांनी ते कॉलेजात असताना ऐकलंय. मी मात्र ते माझ्या शरीरापुरतंच सांगू शकते. आपण बोलतो तेव्हा आवाज सेकंदाला चार-पाच वेळा चढतो-उतरतो, अक्षरामागे एकदा. किंकाळीत तो सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरतो. २०१५ साली लुक आर्नाल हा मेंदूचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा पट्टा मेंदूनं जणू धोक्यासाठी राखून ठेवलाय. धोक्याचे भोंगे याच थरथरीत वाजतात, आणि ती ऐकली की मेंदूतलं भीती ओळखणारं केंद्र जागं होतं. म्हणून आवाज कमी करून भागत नाही. बारीक केलेली किंकाळी ही बारीक आवाजातली किंकाळीच असते. गिटारचंही असंच आहे. पंकमधली गिटार बहुतेक वेळा स्वरमेळातले दोनच सूर धरते, षड्ज आणि पंचम म्हणा, गांधार गाळूनच टाकते. मग तो आवाज यंत्रातून इतका ताणते की लहरींचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून मुळात नसलेले उंच सूर जन्मतात. मधे कुठे उतार नाही, कानाला टेकायला जागा नाही. आपल्या कानात एक इवला स्नायू असतो, शरीरातल्या सगळ्यात लहान हाडाला बांधलेला. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आतल्या भागाला जपतो. पण तो क्षणभर उशिरा आखडतो आणि मुख्यतः खालचे, जाडे आवाजच अडवतो. किंचाळणारी मुलगी आणि सॅक्सोफोन यांच्यापुढे तो काहीच करू शकत नाही. हे वाचलं तेव्हा मला त्या स्नायूबद्दल फार जवळीक वाटली.

मग आवडलं काय?

ओरडण्याआधी ती श्वास घेते. अगदी छोटा, दातांमधून आत ओढलेला. इतर सगळ्या माऱ्यात तो कुणाला ऐकू येत असेल का, मला शंका आहे. मला आला. त्या श्वासात घाबरलेली मुलगी नव्हती, रडणारीही नव्हती. आपण आता काय करणार आहोत हे पक्कं ठाऊक असलेली मुलगी होती. मला सॅक्सोफोनची पट्टी सूर धरायच्या आधी नुसतीच फुत्कारते तेही ऐकू आलं. गाणाऱ्या गळ्याला वर जाताना जी चीर पडते ती दिसल्याइतकी स्पष्ट ऐकू आली. जे मला छळत होतं त्यातूनच हे मिळत होतं. सोसत नाही आणि आवडतं, ही माझ्यापाशी एकाच कानाची, एकाच क्षणाची गोष्ट आहे. इअरफोन ओढून काढणारा हात तेवढा लोकांना दिसतो.

असं यापूर्वीही झालेलं होतं, पोळ्याला. तोरणाखाली बैल उभे राहतात, मठाट्या बांधलेले, शिंगं रंगवलेली, आणि झडत्या, म्हणजे ललकारून म्हणायच्या टोमण्यांच्या ओळी, सुरू होतात. आमच्या गावात एक म्हातारे झडती म्हणायचे. अंगानं काडी, पण गळा असा की तोरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं गप्प व्हायची. व्यापाऱ्याच्या काट्यावर, सावकाराच्या व्याजावर, न आलेल्या पावसावर, पुढाऱ्याच्या आश्वासनावर चार ओळी फेकायच्या आणि "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणून सोडायचं. मग सगळ्या गावानं महादेव उचलायचा. वरच्या पट्टीत त्यांचा गळा फाटायचा, आणि तो फाटायचा त्याच शब्दावर सगळ्यात जास्त राग असायचा. मी त्यांच्या जवळ उभी राहायची. डोळ्यांत पाणी यायचं, कान गुणगुणत राहायचे. आमच्या ढवळ्याची कातडी प्रत्येक आरोळीला थरारायची आणि बाबा त्याच्या कानाच्या बुडाशी तळवा ठेवून उभे असायचे. मी दुसऱ्या बाजूनं त्याच्या मानेला टेकलेली. म्हातारे गेले. आता पोळ्याला साउंडचे बॉक्स येतात, झडतीही माइकवर होते, आणि तोरण तुटायच्या कितीतरी आधी बैल मागे ओढ घेतात.

नियम आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलंय. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते हेही खरं. गावात मोजायला कोण येणार? पण बॉक्सचा आवाज आणि पॉलीचा आवाज यांतला फरक मला आकड्यांत सांगता येत नाहीच. तिचं गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं. ते सुरू होण्याआधी ती चारपर्यंत मोजते. मला कुणी इतक्या सभ्यपणानं आवाजाची पूर्वसूचना दिल्याचं आठवत नाही. आणि बटण माझ्या हातात असतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी काही प्रयोग केले होते. लोकांना गोंगाटात बसवून कामं दिली. त्यांतल्या काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, नकोच झालं तर हे दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी ते दाबलं नाही. तरी नुसतं हाताशी बटण असलेले लोक गोंगाट संपल्यावरच्या कामात इतरांहून चांगले टिकले. माझ्या खुर्चीला मंडपामागे नेणाऱ्या माणसांनी मला बटण द्यावं, एवढंच मला हवं असतं. जवळ जायचं की लांब, ते मी ठरवीन.

भजनातही तेच. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला आमचा भाग. खंजिरीच्या त्या चिमुकल्या झांजा माझ्या कानाला सुया लावतात, तरी मी भजनाला जाते, भिंतीपाशी शेवटच्या ओळीत बसते. "तरास होते तं कायले येते ही?" असं एक काकू दरवेळी शेजारणीला विचारतात. लय चढत जाते तेव्हा माझा एक हात कानावर असतो आणि दुसरा मांडीवर ताल धरत असतो. काकू कानावरचाच बघतात.

गाणं मात्र मला पुरं ऐकता येत नव्हतं. किंकाळीशी किंवा तिच्यानंतर थोड्याच वेळात हात आपोआप बटणावर जायचा. उपाय घरातच निघाला. भाव पडले होते म्हणून भावानं कापूस विकला नव्हता. मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली. दार उघडलं की ढीग उंबऱ्यावर घसरायचा. एका संध्याकाळी मी आतून काही काढायला गेले, दार मागे लोटलं गेलं आणि एकदम जाणवलं की माझाच खोकला मला नीट ऐकू येत नाहीये. भिंतींवरून काहीच परत येत नव्हतं. बाहेरचं थ्रेशर, शेजारच्यांचा टीव्ही, पत्र्यावरची खारूताई, सगळं कुठे गेलं कळेना. धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत आवाज जिरतो आणि उंच, धारदार आवाज सगळ्यात आधी जिरतात. जाडे त्यातूनही वाट काढतात. मी वेचणीचा वास येणाऱ्या त्या ढिगावर चढून बसले, फोन पलीकडच्या उतारावर कापसात अर्धा खुपसला आणि गाणं लावलं.

किंकाळी आली आणि मी जागेवर राहिले. झांजांची धार गेली होती. सॅक्सोफोन एका जाड, गरम आवाजात गिटारच्या बरोबरीनं पळत होता. खाली बासची, म्हणजे जाड्या सुरांच्या गिटारची, एक ओळ होती जी मी तोवर ऐकलीच नव्हती, आणि ती चक्क नाचरी होती. त्या सगळ्या रागात केवढा आनंद होता! मुलगी संतापलेली आहे आणि तिला मजाही येतेय, दोन्ही. गाणं संपलं, मी परत लावलं. हात कोपरापर्यंत कापसात गेले होते, अंगाला खाज सुटायला लागली होती, कारण कापूस घरात जास्त दिवस राहिला की सुटतेच. मी उठले नाही. पुरं गाणं ऐकल्याचा आनंद होता आणि त्यात एक काटा होता. मुलींचा आवाज दाबून टाकणाऱ्यांवर ओरडणारी ही पोर, आणि मी तिला क्विंटलांनी कापसाखाली दाबून ऐकत होते. तिला ती धार हवी होती. ती धार लागावी म्हणूनच तिनं तसं गायलं. धार काढून घेतलेलं हे गाणं तिचं किती आणि माझ्या सोयीचं किती, हा प्रश्न मला त्या खोलीत सुटला नाही. अजूनही सुटलेला नाही.

तिच्याबद्दल पुढचं कळलं तेव्हा हा काटा थोडा वेगळ्या जागी गेला. १९७८ साली दौऱ्यावर असताना तिला आकाशात एक झगझगीत प्रकाश दिसला आणि त्यानंतर वस्तूंना हात लावला की त्या तडतडतात असं वाटायला लागलं. रुग्णालयात ठेवलं, चुकीचं निदान झालं, बरोबर निदान व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. १९७९ला तिनं बँड सोडला. त्यानंतर गाण्यांचा एक संग्रह काढला तो अगदी हळू आवाजातला, मऊ. नंतर काही वर्षं ती हरे कृष्ण पंथाच्या भक्तांमध्ये राहायला गेली. तिथेही करताल असतातच, झांजांपासून सुटका नाही. आणि पुन्हा ती परतली. २००८ साली लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात, पन्नाशी ओलांडल्यावर, तीच गाणी गायली. २०११ला गेली. मधल्या शांत वर्षांकडे बघून तिला गोंगाट आवडेनासा झाला होता असं कुणी म्हटलं तर मी त्यांना माझ्या खुर्चीची गोष्ट सांगेन.

होळीच्या सुमाराला भाव थोडा चढला आणि कापूस गेला. रिकाम्या खोलीत गाणं लावून बघितलं. चुन्याच्या भिंती आणि वर पत्रा, किंकाळी चारी बाजूंनी परत आली, मी बाहेर पळाले. बाबा अंगणात बाजेवर पडले होते. "काय वाजून रायलं वं?" त्यांना ऐकू आलं होतं! दारावरची घंटी ऐकू न येणाऱ्या माणसाला आतल्या खोलीतला फोन ऐकू आला होता. मी फोन आणून त्यांच्या छातीवर ठेवला, कपाळावर आठ्या घालत त्यांनी तो कानाशी धरला. मला जी धार कापसात पुरावी लागत होती, ती त्यांच्या कानातून जिनिंगनं कधीच काढून नेली होती. त्यांना ढोल ऐकू येत होता, बास येत होता आणि एक मुलगी जोरात काहीतरी बोलतेय एवढं.

"कोनावर चिडली हाये हे पोट्टी?"

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. पोरींनी गप राहावं म्हणणाऱ्यांवर. बाबांनी मान हलवली. झडतीत नेमकी जागा आली की हलवायचे तशी. "मंग बराबर हाये. लाव अजून, मोठ्यानं." बटण कुठलं ते त्यांना दाखवलं. त्यांनी ते दाबून धरलं ते सोडेचनात. मी उठून अंगणाच्या टोकाच्या निंबापर्यंत गेले, तिथून कानावर हात न ठेवता ऐकता येत होतं. वहिनी घाईनं बाहेर आली, बाबांकडून फोन घ्यायला. मी तिला लांबूनच हातानं थांबवलं.